रंगारी काकांचे लाल मेल

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे रंगारी काका म्हणायचे. आयुष्यात त्यांनी एक भिंतसुद्धा रंगवली नव्हती. ते मेल रंगवायचे.

आमची खोली मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. दोन टेबलं आणि एक खिडकी, तीही उघडली की शेजारच्या धुलाईखान्याची वाफ आत. शहरातल्या छोट्या छोट्या दवाखान्यांतले डॉक्टर आम्हाला मेल पाठवतात, की आमच्या अमुक पेशंटचा स्कॅन करा. मशीन एकच, म्हणून रांग. काका मेल वाचून त्याला रंग द्यायचे, वरच्या मजल्यावरच्या मॅडम त्याच इनबॉक्समधून बघून तारीख द्यायच्या आणि मी पेशंटला फोन करून ती सांगायची. एवढंसं काम, पण त्याला तीन माणसं लागायची.

रंग पाच होते. लाल म्हणजे याच आठवड्यात. केशरी म्हणजे पंधरा दिवसांत. पिवळा थांबू शकतो. वरून तारीख मिळाली की काकाच तो हिरवा करायचे. आणि ज्याला आता तारखेची गरजच उरली नाही, तो करडा. करड्या फोल्डरमध्ये मेल टाकताना काका चष्मा काढायचे, पुसायचे आणि परत लावायचे. मला सुरुवातीला वाटायचं, काय नाटकं आहेत.

खरं सांगायचं तर माणूस डोक्यात जायचा. प्रत्येक मेल शेवटच्या सहीपर्यंत वाचणार. माझ्या टेबलावर दोन कागद तिरके पडले तरी उठून सरळ करणार. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला तीन दिवस नुसते रंग शिकवले, माझे कान किटले. आणि त्यानंतर रोज सकाळी, मी खुर्चीत टेकायच्या आत, एकच प्रश्न. "लाल पाहिलेस का?"

मी म्हणायची, "पाहिले."

पाहिलेले नसायचे. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचे कॉम्प्युटर बदलले आणि तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर लालही नव्हता, पिवळाही नव्हता. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस. मला वाटलं माझ्याच मशीनमध्ये काहीतरी राहून गेलंय. काकांना सांगावं तर ते कॉम्प्युटरवाल्याला बोलावणार आणि पुन्हा माझी तीन दिवसांची शिकवणी घेणार. फोन करायला मला रंग कशाला हवे होते, तारीख मिळाली की झालं. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. मनातून थोडी खूशही होते, हेही सांगून टाकते.

रंगांची कल्पना मुळात त्यांच्या धाकट्या बहिणीची. ती शिवणकाम करायची. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन. कपडे लहानमोठे करणं, चेन बसवणं, पडदे शिवणं. गिऱ्हाइकाचं बोचकं आलं की ती त्याला दोरा बांधायची, आणि उद्या हवं असेल त्याला लाल. बायको गेल्यापासून काका तिच्याकडेच राहत होते. ती त्यांना डबा द्यायची आणि त्या दिवशी जेवण तिखट झालं असेल तर डब्यालाही लाल दोरा बांधायची. लाल दोरा दिसला की काका आधी पाण्याची बाटली भरून आणायचे आणि मग झाकण उघडायचे. हा एकच विनोद त्यांना रोज नव्याने हसवायचा.

तर या दोन वर्षांत झालं असं, की लाल मेलला तारीख मिळायला पाच पाच, सहा सहा आठवडे लागायला लागले. काका हैराण. आधी म्हणायचे, हल्ली आजारच वाढलेत. मग म्हणायला लागले, चूक माझी आहे, मीच लाल उधळतोय, इतके लाल झाले तर वर कोण कशाला बघेल. त्यांनी हात आखडता घेतला. दिवसाला सात-आठ लाल व्हायचे, ते तिनावर आणले. एकेक मेल अर्धा अर्धा तास वाचायचे. कुणाला केशरी दिला तर संध्याकाळी घरी जाताना दारातून परत फिरायचे आणि तो मेल उघडून पुन्हा बघायचे. तरी सहा आठवडे काही कमी होईनात.

आणि एक दिवस त्यांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. स्क्रीनवर एक मेल उघडा होता आणि वरच्या ओळीवर त्यांनी चष्म्याचं घर आडवं धरलं होतं. नाव दिसत नव्हतं.

"नाव न बघता वाच," ते म्हणाले. "आणि रंग सांग."

मी वाचलं. बाई, वय एकोणपन्नास. चार महिन्यांत बरंच वजन उतरलेलं. पोटात गाठ, हाताला लागते. लवकर बघावं ही विनंती.

"लाल," मी म्हणाले. "यात विचारायचं काय?"

त्यांनी चष्म्याचं घर बाजूला केलं. बहिणीचं नाव होतं. काकांनी शांतपणे तो मेल लाल केला, नीट झाला की नाही दोनदा बघितलं, आणि पुढचा मेल उघडला. आपल्या माणसाला आपण जास्त झुकतं माप तर देत नाही ना, एवढंच त्यांना तपासायचं होतं.

तीन आठवडे गेले. तारीख नाही. मी म्हणाले, काका, वर जा, मॅडमच्या कानावर घाला, दोन मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाले. चौथ्या आठवड्यात मी चिडले. तुमची बहीण आहे का कुणी परकी, असंही बोलून गेले. त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला.

"आज बहिणीसाठी जिना चढलो, तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडानं थांबा म्हणू? लाल केलाय मी. वर दिसतो त्यांना. तिच्याहून वाईट कुणीतरी असेल पुढे."

मी म्हटलं, मग मी जाते. तर म्हणाले, गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस. आणि मी गेले नाही. आयुष्यात कधी त्यांचं ऐकलं नाही, नेमकं तेवढं ऐकलं.

घरी त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, तुला लाल केलंय, आता काळजी करायची नाही. तीही निर्धास्त झाली. पाचव्या आठवड्यात डब्यावरचा दोरा यायचा बंद झाला, कारण दोरे मशीनखालच्या खणात असायचे आणि तिला वाकता येईना. सहाव्यात डबाच बंद झाला. काका कँटीनमधून पाव आणून चहात बुडवून खायचे आणि मला म्हणायचे, तेवढाच बदल.

सातव्या आठवड्यात तारीख आली. फोन मीच केला. स्कॅन झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पसरलीय, आता ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलेलं नाही. महिन्याभरापूर्वी दिसली असती तर काही करून बघता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला 'लाल पाहिलेस का' विचारलं नाही. ते उठले आणि जिना चढले. भांडायचं त्यांच्या मनात नव्हतं. बहिणीच्या पुढे किती लाल होते तेवढं त्यांना विचारायचं होतं, आकडा कळला की मनाची समजूत घालता येईल म्हणत होते. मी एक फाइल उचलली आणि उगीच काम असल्यासारखी मागोमाग गेले.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठले लाल?"

त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. पांढऱ्यावर काळी अक्षरं. अगदी माझ्यासारखी. ज्या दिवशी मेल आला त्या क्रमानं त्या तारीख देत होत्या, आणि कुणाचा डॉक्टर फोन करून मागेच लागला तर त्याला मध्ये घालत होत्या. आधीच्या बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात कॉम्प्युटर बदलले होते. नव्या मॅडमना एवढंच सांगितलं गेलं होतं, की खालून रांग लावून येते. बाई वाईट नाहीत हो. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, मला कुणी सांगितलं का नाही.

कॉम्प्युटरवाला आला. त्याला दोन मिनिटं लागली. नव्या मशीनवर रंग ज्याचे त्याच्यापुरतेच राहतात, म्हणाला, सगळ्यांना दिसायला हवे असतील तर एक खूण करावी लागते, आणि तुमच्याकडून तर कधी तक्रार आली नाही. त्याचं तरी काय चुकलं. त्यानं खूण केली आणि मी खाली येऊन बघते तर माझी स्क्रीन रंगांनी भरलेली. करड्या फोल्डरमध्येही मेलच्या कडेला काकांचा जुना लाल ठिपका तसाच होता. दोन वर्षांत लालाचे करडे झालेले एकशे सोळा. काकांनी ते एक एक करून मोजले आणि मी शेजारी उभी राहिले.

मोजून झाल्यावर ते म्हणाले, "तू तर रोज पाहिले म्हणायचीस."

"माझ्याकडे दिसत नव्हते काका."

"दोन वर्षं?"

"हो."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि दुपारचे फोन करून झाले का विचारलं. मला माझी लाज वाटली. अजून वाटते, आणि ती कशानं जाणार आहे हेही मला माहीत नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं, बहिणीची माफी मागायची, असं ठरवूनच गेले होते. दार उघडतानाच काकांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. हळूच म्हणाले, तिला काही सांगू नकोस, भावानं आपल्यासाठी काहीतरी केलं एवढंच तिच्यापाशी उरलंय.

ती पुढच्या खोलीतच झोपली होती, शिलाई मशीनशेजारी. फळीवर दोन बोचकी होती, दोन्हींना पिवळे दोरे. लाल दोऱ्याची सगळी तिनं शेजारच्या शिंपिणीकडे कधीच पाठवून दिली होती. गिऱ्हाइकाचा खोळंबा नको म्हणून. मला तिनं जवळ बसवलं. हात नुसता हाडाचा, पण पकड घट्ट. काका पाठमोरे होऊन आतल्या मोरीत भांडी घासत होते.

"दादानं लाल केलं होतं मला," ती म्हणाली. "तरी सात आठवडे लागले बघ. माझ्याकडे लाल दोऱ्याचं बोचकं दोन दिवसांवर कधी राहिलं नाही. म्हणजे माझ्यापुढे किती आजारी माणसं असतील गं." दम लागला म्हणून ती थांबली. "त्यांचं तरी वेळेत झालं ना?"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"झालं," मी म्हणाले.