हृदयतज्ज्ञ मी

स्पिरिटचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या बरखेडा वसाहतीचा दवाखाना आठवतो. तेविशीत रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारणाऱ्या माझ्या छातीत मधूनच ठोका चुकायचा. ईसीजी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुछ नहीं है, पहलवान. चाय कम करो." तेवढ्या शिदोरीवर मी घरात हृदयतज्ज्ञ झालो. आठवड्याने बाबा म्हणाले, "अरे, मलाही तसंच होतंय. दाखवून येऊ का?" मी ऐटीत त्यांची नाडी धरली आणि निकाल दिला, "काही नाही हो, चहा कमी करा. उगाच कशाला सुट्टी घालवता?" बाबांनी ऐकलं. महिन्याभरात ते कारखान्यात मशीनपाशीच कोसळून गेले. तेराव्याला त्यांचे सोबती कौतुकाने सांगत होते, "चाय छोड़ दी थी उन्होंने. कहते थे, बेटे ने मना किया है." माझा ठोका अजूनही चुकतो. मी मात्र दर वेळी दाखवून येतो.