सेटिंगचे पैसे

"साहेब, बदलाचे वेगळे पैसे कसले? तुम्हाला ना लोखंड लागतं, ना ऑइल. खुर्चीत बसून बटणं दाबायची," सिन्नरचे वर्कशॉपवाले शेठ म्हणाले. त्यांना स्टॉकचा प्रोग्राम मी ठरलेल्या आठ हजारांत करून दिला होता. नंतर ते सांगतील तसा तीनदा बदलला, तोही फुकट. ही चौथी वेळ. भिडेखातर फुकट राबण्यात माझा हात कोणी धरला नसता.

फ्लॉपीचा जमाना होता. पुण्याच्या एका कंपनीचं कॉल लेटर खिशात होतं, पण पाय निघत नव्हता. आई गेल्यापासून घरात वडील आणि मी, दोघंच. मी गेलो तर अण्णा एकटे जेवणार, एवढंच डोक्यात यायचं.

अण्णा टर्नर. अंबडला भाड्याच्या गाळ्यात त्यांचं एकच लेथ मशीन. सिन्नरहून थेट तिथे गेलो आणि माझा खर्च दाखवला. लाइट, इंटरनेट, फ्लॉप्या, एसटी.

"यात सेटिंग कुठंय?" अण्णांनी विचारलं.

सेटिंग म्हणजे जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, मशीनमध्ये पकडून तो सरळ फिरतोय का ते बघणं. त्यात तासभर जातो आणि नग एकही निघत नाही. तरी टर्नर त्याचे पैसे लावतो.

"तू आठवडाभर त्यांच्याकडे बसून काम समजून घेतलंस, ते सेटिंगच की. आणि ड्रॉइंग बदललं की सेटिंग नवं."

मग मी त्यांची हिशेबाची वही मागितली. तिच्यात सगळं होतं. टूलला धार लावायचा वेळ, बाद गेलेले नगसुद्धा.

"अण्णा, तुमची मजुरी?"

"उरलं तर माझंच आहे ना."

"आणि नाही उरलं तर?"

ते चष्मा पुसत बसले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. याच माणसाने मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी शेठना म्हणालो, "ड्रॉइंग बदललंय. नव्या सेटिंगचे दोन हजार."

स्वतःच्या गिऱ्हाइकांकडून ते रोज हेच पैसे घेत होते. हसले. "आधी असं बोलायचं ना राव," म्हणत चेक लिहिला.

पुण्याला नकार कळवला. संध्याकाळी अण्णांचं नवं रेटकार्ड टाइप केलं. पहिली ओळ, मजुरी.

"गिऱ्हाईक पळेल," अण्णा म्हणाले.

एक पळालं. बाकीची राहिली. पहिल्या महिन्याच्या मजुरीतून अण्णांनी नवा चष्मा केला. तेव्हापासून माझं कोटेशन ते तपासतात आणि त्यांचं मी. आपला खर्च आपल्याला कमीच दिसतो.