अडकित्त्याचा आवाज

११ नोव्हेंबर. सात-आठ महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा.

"तू वाईट मास्तरीण आहेस," असं मला तोंडावर सांगणारी एकमेव बाई आज पहाटे गेली.

कुसुमकाकू. दिघीतली आमची शेजारीण. वय सत्त्याण्णव. कालपर्यंत स्वतःच्या हाताने जेवली आणि झोपेत गेली.

त्यामुळे रडू फारसं येत नाहीये. त्याचंही थोडं अपराधी वाटतंय.

ते वाक्य ती दिवाळीत बोलली. मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, मुक्ताला, गावच्या तळ्यात पोहायला शिकवत होते. मुक्ता पाण्यात, मी पायरीवर, आणि माझ्या इन्स्ट्रक्शन्स नॉनस्टॉप. पाय मार. मान वर. श्वास घे.

काकू वरून बघत होती.

संध्याकाळी तिने मला बोलावून स्वतःची गोष्ट सांगितली. वर्ष तिला नक्की आठवत नव्हतं. तीही तेव्हा नऊ वर्षांची होती, म्हणजे एकोणीसशे छत्तीस-सदतीस असावं. हा हिशेब माझा, चूक असेल तर माझीच.

गावात शाळा चौथीपर्यंत. पुढची खाडीपलीकडे, आणि जायला होडी. मुलीला रोज होडीतून पाठवायला तिची आई तयार नव्हती. उलटली तर?

वडिलांनी, तात्यांनी, मधला मार्ग काढला.

"कुसू, आधाराशिवाय तळं पार कर. मग होडीत बस."

म्हणजे पोहणं आलं तर शाळा. नाही तर चूल.

पहिले काही दिवस कमरेला दोन सुके, न सोललेले नारळ आणि हनुवटीखाली तात्यांचा हात. मग हात गेला. मग एक नारळ गेला. मग दुसरा.

मग तात्या स्वतःच लांब जायला लागले. रोज एक पायरी वर. शेवटी काठावर, तिच्याकडे पाठ करून, सुपारी कातरत बसले.

बघत का नाही, असं तिने विचारलं.

"मी बघितलं की तू मला बघतेस. हात मारायचे राहतात."

मग ती कानाने ओळखायला लागली. अडकित्ता वाजतोय, म्हणजे तात्या निवांत आहेत. म्हणजे भ्यायचं कारण नाही.

परीक्षेच्या दिवशी ती तळ्याच्या मधोमध असताना तो आवाज थांबला.

"पाय दगड झाले गो. नाकात पाणी. वाटलं, तात्या बघतायत, म्हणजे मी बुडतेच आहे."

आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

कट. कट. कट.

त्या तालावर हात मारत तिने पलीकडची पायरी धरली.

वळसा घालून धावत ती तात्यांपाशी आली. तात्या वहाणांसकट घोटाभर पाण्यात उभे होते. आई वरून विचारत होती, "अहो, कातरताय काय? सुपारी संपली केव्हाच."

तात्या अजूनही रिकामा अडकित्ता वाजवतच होते.

जूनमध्ये कुसू होडीत बसली.

पुढे तिने गावात पहिली-दुसरीला शिकवलं, आणि निम्म्या गावाला पोहायला. मलाही. तळ्याकडे पाठ करून, अडकित्ता वाजवत.

काकू सुपारी खात नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग ती कातरते कुणासाठी, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. आणि मी स्वतःला चौकस समजते.

मी तिला म्हटलं, मला नाही जमणार पाठ फिरवायला. मुक्ता बुडेल ही भीती, की तिला माझी गरज उरणार नाही ही, ते माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

काकू हसली. फळीवरचा अडकित्ता काढून माझ्यापुढे ठेवला.

"भीती वाटू दे की. तात्यांना काय कमी वाटली? ती हातात ठेव, तोंडात नको."

त्यानंतर मी तळ्यावर गेलेच नाही. कधी पाऊस, कधी पाहुणे. खरं कारण वर लिहिलंय.

काकू, सावकाश जा. पलीकडची पायरी तुला नवी नाही.

उद्याचं काम: मुक्ताला तळ्यावर न्यायचं. अडकित्ता बरोबर घ्यायचा.