पदवीच्या वर्गातला गणवेश

मी वर्गात शिरल्यावर पदवीची मुलं उठून उभी राहत नाहीत, याची मला आता सवय झाली आहे. यंदा मात्र शेवटच्या बाकावरची एक मुलगी रोज उठते. ती अकरावीत आहे. शाळेत असतानाच विद्यापीठाचा एखादा विषय शिकता येतो आणि त्याचे श्रेयांक पुढे पदवीला धरले जातात, म्हणून ती शाळा सुटल्यावर गणवेशातच माझ्या वनस्पतिशास्त्राच्या तासाला येते.

पहिल्या दिवशी ती उठली तेव्हा सगळे हसले. ती लाजली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठली. मोठं व्हायचं म्हणजे लहानपणचं काहीतरी मागे टाकायचं, असं आपण उगाच धरून चालतो. हिने काहीच टाकलं नव्हतं.

काल तपासलेले पेपर वाटले. तिला सर्वांत जास्त गुण होते. ती पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"बाई, पानाच्या आकृतीत एका भागाचं नाव माझं चुकलंय. तुम्ही गुण दिलाय."

मी पेपर हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं की मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.