शिंगाचा कमठा आणि टांग्याची घोडी

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर त्या सकाळी एवढे धुके होते की सांगलीच्या गाडीची पाटी वाचायला मला अगदी तिच्या तोंडाशी जावे लागले. थंडी होतीच, पण माझ्या अंगाला कापरे भरले होते ते दुसऱ्याच कारणाने. मी धनुष्य निवडायला निघालो होतो, आणि ते धनुष्य घोड्यावर बसून मलाच चालवायचे होते.

राज्याभिषेकाला तीनशे वर्षे होत होती म्हणून आमच्या कॉलेजने त्या वर्षी स्नेहसंमेलनाला गावातून मिरवणूक काढायचे ठरवले होते. पालखी, भालदार, मावळे, सगळे काही. इतिहासाच्या सरांना त्यात एक घोडेस्वार तिरंदाज हवा होता. पुठ्ठ्याचे धनुष्य त्यांना चालणार नव्हते. जुन्या घाटाचे, खरे ओढता येणारे धनुष्य हवे, आणि मैदानावर आल्यावर स्वाराने घोड्यावरून गवताच्या पेंढीत बाण मारायला हवा. "आपला बिरू आहे ना, माणदेशातला. मेंढरं-घोड्यांतच वाढलाय," सर वर्गात म्हणाले. पोरांनी बाके बडवली. मी उभा राहिलो आणि काही न बोलता खाली बसलो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. सरांचे बोलणे खोडायचे कसे, ते मला कोणी शिकवलेले नव्हते.

उंब्रजला संपत गाडीत चढला. तो माझ्या खोलीतला जोडीदार, सुट्टीला गावी गेलेला. वडील फौजेत सुभेदार, घरी उसाचे रान, आणि सांगलीत मामा राहत असल्यामुळे तिथली गल्ली न् गल्ली त्याला ठाऊक. म्हणून सरांनी त्याला माझ्याबरोबर दिला होता. फडक्यात बांधलेला गूळ-शेंगदाणा त्याने माझ्या मांडीवर टाकला.

"काय रं, नवरीला नांदायला घालवायला निघाल्यागत तोंड केलंयस?"

"काय न्हाई."

"मोठ्ठा कमठा घ्यायचा बघ, गड्या. लांबनं उठून दिसला पायजे."

(कमठा म्हणजे धनुष्य. आमच्याकडे पोरे वेळूच्या कांबीचा करतात, तोही कमठाच.)

कराड मागे पडले तसे धुके विरळ झाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधून मधून गुऱ्हाळांचा धूर, आणि उकळत्या रसाचा गोड वास थेट गाडीत. माझ्या गावच्या माणसांना सांगून पटायचे नाही, पण इथे पाटाचे पाणी रस्त्यावर वाहून जात होते आणि त्याकडे कोणी बघतही नव्हते. एरवी मी हे सगळे डोळे भरून पाहिले असते. त्या दिवशी मला फक्त रस्त्याने जाणारे घोडे दिसत होते. इस्लामपूरच्या बाजारात एका वरातीच्या घोड्याने मागचे दोन्ही पाय झाडले, तर मी गाडीत बसल्या जागी गुडघे जवळ घेतले.

सांगलीला उतरून आम्ही टांगा केला. टांगेवाला नेमका आम्हाला जायचे होते त्या दस्तगीर शिकलगारांचाच पुतण्या निघाला. त्याची घोडी पांढुरकी, हाडे वर आलेली, पण कान सारखे हलणारे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे लोक. दस्तगीरचाचांनी उमेदीत नाटक मंडळ्यांना ढाली-तलवारी पुरवल्या होत्या, आणि जुन्या नमुन्यांवरून कमठे करणारा या भागात तेवढाच एक माणूस उरला आहे, असे सरांनी सांगितले होते.

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांचा डावा डोळा पांढराफटक होता. मी नजर वळवली. संपतला असले काही जमत नाही.

"चाचा, डोळ्याला काय झालं हो?"

"कमठ्यानं न्हेला," मांजराने दूध नेल्यासारखे चाचा म्हणाले. "बसा. च्या घ्या."

मी कपबशी खाली ठेवून माझा डावा डोळा चोळला.

चाचांनी दोन कमठे आणून बाजेवर ठेवले. पहिला शिंगाचा. मधे लाकूड, आतल्या अंगाला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावराच्या स्नायूंची तात सरसाने चिकटवलेली, वर लाल रंग आणि सोनेरी वेल. इतकी देखणी वस्तू मी तोवर हातात धरली नव्हती. दुसरा वेळूचा, आखूड, काळपट, मुठीला चामडे गुंडाळलेला. संपतने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"ह्यो लालच," तो म्हणाला. "सर खूश होतील."

"घेणाऱ्यानं आधी चढवून दावायचा," चाचा म्हणाले. "माझ्या अंगणातनं कमठा तसाच जात न्हाई. ज्याला चढवाय येत न्हाई त्यो घरी न्हेऊन डोळा फोडून घेतोय, आन नाव माझं निघतंय."

शिंगाचा कमठा दोरीविना असतो तेव्हा उलट्या बाजूला वाकलेला असतो, कोयत्यासारखा. मी तो घेतला आणि जसा वाकला होता तसाच आणखी वाकवायला गेलो. आमच्याकडचा वेळूचा कमठा तसाच तर वाकवतात.

"आरं ए! थांब!" चाचा बाजेवरून उठलेच. "मोडतोस का काय! उलटा फिरवायचा त्यो. त्याची खोड मोडायची म्हंजे त्यो कमठा हुतोय."

त्यांनी एकदा करून दाखवले. खालचे टोक डाव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचे, मूठ उजव्या मांडीमागे घ्यायची, वरचे टोक पुढे दाबत आणायचे आणि दोरीचा फासा खाचेत सरकवायचा. मग कमठा उतरवून माझ्या हातात दिला. तेवढ्यात आतून चाची आल्या. त्यांनी अंगणातल्या कोंबड्या हुसकून आत घेतल्या, वाळत टाकलेली मिरची उचलली आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. चाचा खांबामागे झाले. संपतसुद्धा टांग्याच्या पलीकडे गेला.

"आवं चाची, तुमी कशापायी आत गेलासा?" मी विचारले.

"तू चढीव, बाळा," दाराआडून आवाज आला. "माझं दोन्ही डोळे शाबूत हायती, तेवढं ऱ्हाऊ द्यात."

अंगणात मी एकटा. हात घामाने निसरडे झाले होते. अर्ध्यापर्यंत कमठा आला, आणि मग आतून काहीतरी जिवंत असल्यासारखा पिळला. माझा हात सुटला. कानाजवळून वारा गेला आणि मागच्या भिंतीचा पोपडा खाली पडला. चाचा खांबामागून म्हणाले, "कान हाय का जाग्यावर?" मी चाचपून पाहिला. होता.

दुसऱ्या खेपेला तो चढला. मला आनंद झाला नाही. एवढी ताकद आपण हातात कोंडून धरली आहे, ती कधी सुटेल याचाच मी विचार करत होतो.

जेवण तिथेच झाले. भाकरी, भरलेले वांगे, लसणीचा खर्डा आणि वर मूठभर भडंग. चाची आग्रह करत होत्या. माझे लक्ष अंगणाकडे होते, कारण पुतण्याने टांग्यातून घोडी सोडली होती. कमठा घोडीवर बसून पारखायचा, ही चाचांची दुसरी अट.

कृष्णेच्या वाळवंटात (नदीकाठची वाळू) आम्ही गेलो. पाणी खाली गेले होते. पलीकडे बायका धुणे धूत होत्या. पुतण्याने घोडीच्या पाठीवर घोंगडे घातले आणि म्हणाला, "चढा पाव्हणं."

मी तसाच उभा राहिलो.

"चढ की रं," संपत म्हणाला.

"संपा, मला बसाय येत न्हाई."

"म्हंजे?"

"आमच्यात घोड्यावर माणूस बसत न्हाई. घोड्यावर संसार असतोय. भांडी, घोंगडी, आज जन्मलेली कोकरं, कोंबड्यांचा खुराडा. माणसं चालत्यात. माझा आज्जा उभ्या जन्मात घोड्यावर बसला न्हाई."

संपत माझ्याकडे बघतच राहिला. "मग सरांना का न्हाई सांगितलंस?"

"मला इचारलं कुणी?"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पण म्हणाला, "आता आलोयच हितवर, तर बस. वाळू हाय. पडलास तर पडलास."

दोघांनी मिळून मला वर चढवले. घोडीची पाठ माझ्याखाली हलली आणि जमीन फार लांब गेली. पुतण्या लगाम धरून तिला चालवत होता. मी डाव्या हातात लाल कमठा धरला, बिनबाणाची दोरी जराशी ओढली, ती हनुवटीपर्यंतही येईना. मग चाचांनी सांगितल्याप्रमाणे कमठा घोडीच्या मानेवरून डावीकडून उजवीकडे नेऊ लागलो. खालचे टोक तिच्या मानेला जोरात लागले.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. पुतण्याच्या हातातून लगाम सुटला. घोडी उधळली. वाळू, मग घाटाची चढण, मग दगडी रस्ता. मी तिच्या मानेवर पालथा पडून आयाळ धरली होती, आणि कमठा, का कोण जाणे, सोडला नव्हता. चढवलेला कमठा माझ्या तोंडाशी हिंदकळत होता. मी पडायच्या भीतीने डोळे उघडे ठेवत होतो आणि कमठ्याच्या भीतीने मिटत होतो. मागून संपतची हाक येत होती, "सोड त्यो! बिरू, कमठा सोड!" पण बोटे माझे ऐकत नव्हती.

मग घोडी आपोआप हळू झाली, वळली आणि थांबली. मी डोळे उघडले. समोर एका ओळीत टांगे उभे होते. घोडी आपल्या रोजच्या जागी, टांगा स्टँडवर, येऊन उभी राहिली होती. एक म्हातारा टांगेवाला विडी काढून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होता.

"नंबर लावलास व्हय रं?" तो म्हणाला. "टांगा कुठं इसरलास?"

सगळा स्टँड हसला. मला हसता आले नाही. त्यांनीच मला उतरवले. पाय जमिनीला लागले तसा मी घोडीच्या पुढच्या पायांशीच बसलो. ती माझ्या केसांना हुंगत होती.

चाचा धापा टाकत आले. त्यांनी आधी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवला. डोळे पाहिले. मग माझ्या बोटांतून कमठा एकेक बोट सोडवून घेतला आणि तिथेच उतरवला.

"आता सांग, कुठला न्हेतोस?"

संपत म्हणाला, "लालच घे. मिरवणुकीत चढवायचा न्हाई, नुसता दावायचा." त्याच्या बोलण्यात तथ्य होते. कोणाला कळलेही नसते. पण सरांनी मैदानावर 'मार' म्हटले की मी काय करणार होतो? पुन्हा काही न बोलता खाली बसणार?

"वेळूचा," मी म्हणालो.

"त्यो? बारशाला दिल्यागत दिसतोय. लोकं हसतील, गड्या."

"हसू द्यात. मला लालचं भ्या वाटतंया."

चाचांनी मान हलवली. "शिंगाचा सरदाराला. शिलेदाराच्या हातात वेळूचाच असायचा." मग स्वतःच्या पांढऱ्या डोळ्याकडे बोट करत म्हणाले, "ह्यो गेला त्या दिवशी मी भ्यालो न्हवतो."

अंगणात परत आल्यावर मी वेळूचा कमठा चढवला. चाचींनी कोंबड्या आत घेतल्या नाहीत. पुतण्याने लगाम नीट धरून घोडी चालवली आणि मी तिच्यावर बसून, दातओठ खात, तीन-चार बाण भुशाच्या पोत्याकडे सोडले. एक लागला. आखूड टोक मानेच्या वरून अलगद गेले, घोडीला पत्ताही लागला नाही. माझे काळीज मात्र तेवढ्याच जोरात उडत होते.

परतीच्या गाडीत कमठा उतरवून, गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारले. संपतने "मुतारीचा पाईप" असे सांगून टाकले. उंब्रजला तो उतरला. खिडकीशी येऊन म्हणाला, "सरांना सांगणार हायस न्हवं?" मी मान हलवली. पुढचा सगळा रस्ता मी सांगायचे वाक्य मनात जुळवत होतो आणि साताऱ्याच्या दिव्यांपर्यंत ते तीनदा विसरलो.

सर त्यांच्या घराच्या ओट्यावरच भेटले. गोणपाट उलगडले तसा त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांना लाल कमठा माहीत असावा. मी उभ्यानेच सांगितले. आमच्यात घोड्यावर कोणी बसत नाही, मला बसता येत नाही, आज घोडी उधळली, आणि शिंगाचा कमठा मी मुद्दाम आणला नाही. पुस्तकी वाक्य केव्हाच हरवले होते. जसे आले तसे बोललो.

सरांनी कमठ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "मग तिरंदाज पायी चालवू या का?" त्यांनी विचारले.

सुटका इतकी जवळ आली होती. तरी मी म्हणालो, "बसतो, सर. रोज सकाळी शिकतो. घोडा चालत जाईल, लगाम संपत धरील. धावत्या घोड्यावरून मात्र मी मारणार नाही."

"भीती वाटते?"

एवढ्या प्रवासात गावे पाहिली, नदी पाहिली, नवी माणसे भेटली, पण साताऱ्याहून निघताना जी भीती होती ती तेवढीच परत आणली होती. फरक एवढाच की आता ती मला कोणापासून लपवायची नव्हती.

"व्हय सर," मी म्हणालो. "लय."

सर ओट्यावर जरा सरकले आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.