नसलेली बकरी

हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या मराठी मंडळात मी कायमचा इन्स्पेक्टर आहे. नोकरी विम्याची, इन्स्पेक्टर फक्त गणपतीतल्या नाटकांत. नाटक बदलतं, खुनी बदलतो, इन्स्पेक्टर मीच. त्यामुळे मलकपेठच्या वकीलबाईंनी "दादा, आमच्याकडे जरा अधिकारी व्हाल का?" असं विचारलं, तेव्हा भूमिका किती मोठी आहे एवढंच मी विचारलं.

ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेल्या, सीमा ओलांडून इथवर पोचलेल्या लोकांची कामं वकीलबाई फुकट करतात. त्यांतल्या एका बाईची निर्वासितांच्या कचेरीत मुलाखत होणार होती. तिची हकीकत खरी वाटली तर निर्वासिताचं कार्ड. नाही तर फाइल बंद, आणि दोन मुलींसकट परत पाठवलं जाण्याची भीती. सरावासाठी खोटा अधिकारी हवा होता.

मी कोट घालून गेलो. मे महिन्यात. टेबलावर आपटायला रूळही नेला. ती बाई अंबरपेठेत शिवणकाम करते, इथली दखनी हिंदी तिथेच शिकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी पिओ चाचा, पसीना आरा." चाचा! केस रंगवून आठवडाही झाला नव्हता.

तिने हकीकत सांगितली. दुपारी भात शिजवत होती, आग दिसली, मुलींना उचललं, नदीपर्यंत चालली, होडीत बसली. संपलं. बाजारात जाऊन आल्यासारखं. माझ्यातला कलावंत कळवळला. वकीलबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या तशी मी तिला थोडी दिशा दिली. होडीत बसताना मागे वळून बघा. काठावर तुमची बकरी उभी आहे, ओरडतेय, तुम्हाला तिला नेता येत नाही. मी आवाजही काढून दाखवला. तो मला फार छान जमतो.

पुढच्या रविवारी हकीकत आली ती बकरीसकट. मी दरडावून विचारलं, बकरीचा रंग कोणता? काली, ती म्हणाली, एक कान सफेद. कान माझा नव्हता, तो तिने घातला होता. मी टाळ्या वाजवल्या.

वकीलबाईंनी नाही वाजवल्या. कचेरीत आधी दिलेल्या जबानीत बकरी नाही, त्या म्हणाल्या, आणि अधिकारी दोन्ही जबान्या शेजारी ठेवून वाचतो. बकरी खोटी निघाली की आगही खोटी, नदीही खोटी. "दादा, तुमच्या बकरीपायी हिची फाइल बंद होईल."

मी बाईला हळूच विचारलं, बकरी नव्हतीच ना तुमच्याकडे? ती धाकटीची वेणी घालत होती.

"नै थी. पन अच्छा लगा, चाचा. पीछे हमारे वास्ते कोई तो रोया."



आता बकरी काढायची कशी? उपाय तिनेच शोधला. माझ्या खुर्चीत बसली, रूळ हातात घेतला आणि म्हणाली, आता माझी कहाणी तुम्ही सांगा, खरी. मी सुरू केलं. पहिल्या खेपेला नदीवर वादळ आलं. दुसऱ्या खेपेला होडीवाला आंधळा निघाला. प्रत्येक वेळी "झूट" म्हणून ती रूळ आपटायची आणि मुली हसून लोळायच्या. तिसऱ्या खेपेला मी काठापर्यंत नीट पोचलो, आणि माझ्या तोंडून बकरी आपोआप ओरडली.

या वेळी तिने रूळ आपटला नाही. "बकरी नै थी," ती म्हणाली. "उधर कोई नै था." मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आधीसारखंच सपाट. मी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. घरी सांगितलं तर बायकोचा विश्वास बसेना.

मुलाखतीच्या दिवशी वकीलबाईंनी मला जिन्यात बसवून ठेवलं. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, बकरी? तिने नकारार्थी मान हलवली. मागे काय राहिलं असं साहेबाने विचारलं होतं. चुलीवरचा भात, एवढंच ती म्हणाली. आणखी काही सांगायचंय का, असंही त्याने विचारलं.

"हौ बोली मैं. कित्ते बरस से बैठे हम. फैसला कब देते, लिख के देओ बोली."

आणि चिठ्ठी हातात पडेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नव्हती.

चिठ्ठीतल्या तारखेला कार्ड आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन कचेरीच्या बाकावर जाऊन बसली, मग रोजच, कार्ड मिळेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी मीही शेजारी असायचो, तोंड उघडायचं नाही या अटीवर.