चारचौघांतलं अर्धं डोकं

सलूनवाला रोज दुपारी जेवण झालं की कात्री बाजूला ठेवून पानभर लिहायचा. कधी कुणाच्या मिशीवर, कधी नुसत्या फिरत्या खुर्चीच्या कुरकुरीवर. लिहिलेलं पान खाडाखोडीसकट दुकानाच्या काचेवर चिकटवायचा. गिऱ्हाइकं वाचायची, चुका काढायची आणि दुसऱ्या दिवशी नवं पान आलं का बघायची. सुधारत बसलो असतो तर पहिलंच पान अजून संपलं नसतं, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला हे बघवेना. भाऊजी विमा कचेरीत साहेब. माइक दिसला की घसा खाकरणारे. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी काचेवरून काढून आणलेलं एक पान नाकातल्या आवाजात वाचून दाखवलं. ते पान सलूनवाल्याने स्वतःचे वडील गेले त्या आठवड्यात लिहिलं होतं. घरभर हशा पिकला. वर भाऊजींचा उपदेश, "अर्धवट काम चारचौघांत आणू नये रे!"

सलूनवालाही हसला. राग त्याने वस्तऱ्यासारखा मिटून खिशात ठेवला.

भाऊजी केस मात्र मेहुण्याकडेच कापायचे. फुकट होतं ना. स्वतःच्या निरोपसमारंभाच्या दिवशी ते भरदुपारी येऊन बसले.

"आटप लवकर. तीनला माझं भाषण आहे."

डावी बाजू सुरेख उतरली. उजवीला हात घालण्याआधी सलूनवाल्याने कात्री ठेवली आणि कागद ओढला.

"हे काय?"

"माझी लिहायची वेळ झाली."

"आणि माझं डोकं?"

"अर्धवट आहे. चारचौघांत नेऊ नका."

बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रं तोंडासमोर धरली. ती गदगदा हलत होती.

सलूनवाल्याने सावकाश पान भरलं आणि भाऊजींच्या हातात दिलं. "वाचा. त्या दिवशीसारखं, नाकातून."

"नाही वाचलं तर?"

"बसा मग. उद्याचंही पान आजच लिहून टाकतो."

भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि वाचलं. लेख त्यांच्याच कानांतल्या केसांवर होता. वर्तमानपत्रं केव्हाच खाली पडली होती.

"शेवट जमलेला नाही!" भाऊजी फणकारले.

"ठाऊक आहे." त्याने पान काचेवर चिकटवलं आणि उजवी बाजू भरभर कापून टाकली. मग अंगावरचं कापड झटकून तो म्हणाला, "दोन्हीकडं थोडं कमीजास्त झालंय, भाऊजी. आज असंच जाऊ द्या. उद्या बघू."